रिंग्जवरची वीस वर्षं : योर्दान योवचेव

बल्गेरियाचा जिम्नॅस्ट योर्दान योवचेव याच्यावरच्या लेखानंतर बरेच प्रश्न आले. त्यांतल्या काहींची ही उत्तरं.

सहा ऑलिंपिक खेळला हे खरं का? (सांगली)

खरं. 1992 च्या बार्सिलोनापासून 2012 च्या लंडनपर्यंत सलग सहा. प्लॉवडिव्ह शहरात 1973 साली जन्मलेला हा खेळाडू लंडनला 39 वर्षांचा होता. उद्घाटनात देशाचा झेंडा त्याच्याच हाती होता, आणि रिंग्जच्या, म्हणजे दोरांना टांगलेल्या दोन कड्यांवरच्या कसरतीच्या, अंतिम फेरीत तो सातवा आला. त्या वेळी तो बल्गेरियाच्या जिम्नॅस्टिक्स महासंघाचा अध्यक्षही होता!

अथेन्सला त्याच्यावर अन्याय झाला का? (नाशिक)

माझ्या मते झाला. 2004 च्या रिंग्जमध्ये ग्रीसच्या दिमोस्थेनिस ताम्पाकोसला 9.862 गुण मिळाले, योवचेवला 9.850. तेव्हा सहा पंचांपैकी सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाजूला ठेवून मधल्या चारांची सरासरी काढत. हिशोब मांडून पाहा : त्या चार पंचांच्या बेरजेत दोघांमध्ये फरक पडतो जेमतेम 0.05 चा. एका पंचाने हात किंचित सैल सोडला असता तर दोघांची बरोबरी झाली असती. यजमान देशाचा खेळाडू, खचाखच भरलेलं सभागृह. याचं दडपण पंचांवर येत नाही असं मी म्हणणार नाही. कांस्यपदक घेताना इटलीच्या युरी केकीने खरा विजेता योवचेवच असल्याचं प्रेक्षकांना खुणेने सांगितलं. केकी स्वतः 1996 चा रिंग्ज विजेता, त्यामुळे त्याच्या त्या खुणेला वजन आहे. त्या ऑलिंपिकमध्ये गुणांवरून इतके वाद झाले, की 2006 पासून दहापैकी गुणांची पद्धतच मोडीत निघाली.

सुवर्ण नसताना त्याला विजेता कसं म्हणता? (ठाणे)

ऑलिंपिक सुवर्ण नाही, पण जागतिक स्पर्धेत 2001 आणि 2003 अशा दोन्ही वर्षी रिंग्ज आणि फ्लोअर (जमिनीवरच्या कसरती) या दोन्ही प्रकारांत सुवर्ण आहे. ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, तीन कांस्य.

चाळिशीच्या उंबरठ्यावर हे जमतं कसं? (कोल्हापूर)

रिंग्जवर ताकदीच्या मुद्रांना फार किंमत आहे, आणि ताकद गिरक्यांच्या चपळाईपेक्षा जास्त वर्षं टिकते. ‘क्रॉस’ बघा. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे, कोपर सरळ, सगळं शरीर अधांतरी, आणि दोन सेकंद पूर्ण थांबायचं. हात थोडे वर-खाली राहिले, दोर हलले, तरी गुण गेले. योवचेवचा क्रॉस चित्रफितीत थांबवून पाहा, चालू आहे की थांबवलाय ते चटकन कळत नाही.

मुलगा अकरा वर्षांचा, दोरीचा मल्लखांब करतो. त्याला क्रॉस शिकवू का? (पुणे)

इतक्यात नको. मल्लखांबाने पकड आणि पोट तयार झालेलं असेल, त्याचा फायदा होईलच. पण क्रॉसचा सगळा भार खांद्यांवर आणि कोपरांवर येतो. आधी रिंगा न हलवता, हात सरळ ठेवून त्यांवर नुसतं शरीर तोलून धरणं जमू द्या. पुढचं प्रशिक्षकाच्या नजरेखाली, रबरी पट्ट्यांच्या आधाराने. आणि खांदा दुखतोय म्हणाला, तर त्या दिवशी रिंग्ज बंद.