तब्येतीची विचारपूस : बीपीच्या गोळीची तारीख गावानं लक्षात ठेवायची

प्रश्न : नमस्कार सिस्टर ताई. आमच्या बचत गटातल्या एका काकूले दिवाळीच्या टायमाले लकवा मारला. बीपी हाय हे मालूम होतं, गोळ्याही चालू होत्या, पण मागच्या दोन महिन्यापासून बंद होत्या आणि हे कोणालेच मालूम नव्हतं. आता गटातल्या बाया म्हणतात आपण काहीतरी करू. पण आम्ही ना डॉक्टर ना नर्स, प्राथमिक आरोग्य केंद्र 11 किलोमीटर दूर. आमच्याकडून काय होईल?
— बचत गटाची अध्यक्ष, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तुमचं पत्र तीनदा वाचलं. "दोन महिन्यापासून बंद होत्या आणि कोणालेच मालूम नव्हतं", या एका ओळीत सगळं आलं बघा. मी 29 वर्षं उपकेंद्रात एएनएम, म्हणजे गावची नर्स होते, आणि एवढं नक्की सांगते की गोळी फार कोणी ठरवून बंद करत नाही, बहुतेक वेळा ती सुटते. म्हणजे कसं, की पाकीट गुरुवारी संपलं, शुक्रवारी कापूस वेचणीला जायचंय, वेचणी किलोवर असते, एक दिवस गेला की मजुरी गेली, वरून ऑटोचं भाडं, आणि तिथं गेल्यावर डॉक्टर मीटिंगला गेलेले असले तर पुन्हा परत. मग बाई म्हणते बाजाराच्या दिवशी आणू, त्या दिवशी पोराची तब्येत बिघडते, आणि डोकं तर दुखत नाही, चक्कर तर येत नाही, म्हणून राहून जातं. बीपी दुखत नाही ना, तिथंच घात होतो.

म्हणून तुमच्या गटाला डॉक्टर व्हायची गरजच नाही. कोणाची गोळी कोणत्या तारखेला संपते हे जवळच्या कोणालातरी माहीत पाहिजे, आणि तारीख हुकली तर दोन दिवसात कोणीतरी दारात जाऊन विचारलं पाहिजे, एवढंच काम आहे आणि हेच काम सगळ्यात जास्त राहून जातं.

हे मी मनानं सांगत नाही. आपल्या देशात 2017 च्या शेवटी बीपी नियंत्रणाचा मोठा सरकारी उपक्रम सुरू झाला, आयसीएमआर ही देशाची वैद्यकीय संशोधन परिषद, आरोग्य मंत्रालय आणि जागतिक आरोग्य संघटना त्यात होत्या, आणि पहिल्या टप्प्यातल्या जिल्ह्यांत आपले भंडारा आणि वर्धा पण होते. त्यात काही जगावेगळं औषध नव्हतं, साध्या स्वस्त गोळ्या, सगळीकडे ठरलेली एकच पद्धत, एका वेळी महिनाभराच्या गोळ्या, आणि न आलेल्या पेशंटला शोधून फोन करणं. तसंच पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या 30 ग्रामीण वस्त्यांत एक अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला. तिथं आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन बीपी मोजायच्या, समजावून सांगायच्या, गरज असेल त्याला डॉक्टरकडे पाठवायच्या. दोन वर्षांत त्या वस्त्यांमधल्या बीपीच्या पेशंटांचा वरचा आकडा बाकीच्यांपेक्षा सरासरी 5 ने जास्त उतरला. 5 म्हणजे काय मोठं असं वाटेल, पण वस्तीच्या वस्तीचा आकडा 5 ने उतरतो तेव्हा लकव्याच्या केसेस खरंच कमी होतात. आणि लकवा आपल्याकडे किती आहे ते गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं 86 गावांत पाहिलं होतं, तिथं मरणाच्या कारणांत लकवा पहिल्या नंबरवर निघाला, सातातला जवळपास एक मृत्यू. खेड्यात बीपी नसते, ती शहरातल्या लोकांची बिमारी, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा.

आता या तारखा कुठं ठेवायच्या, तर वहीत. शंभर पानी साधी वही घ्या, एका माणसाला एक पान. नाव, गोळी कुठून घेतो, बीपीचा आकडा आणि तारीख, आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात पुढची गोळी कधी आणायची ती तारीख. गोळी संपायच्या पाच दिवस आधीची तारीख टाका, संपायच्या दिवसाची नको. गटाची मीटिंग असते त्या दिवशी फक्त ते कोपरे चाळायचे, दहा मिनिटांचं काम. मग केंद्रात जाणाऱ्या एकीनं चौघींची कार्डं नेऊन गोळ्या आणता येतील का हे तुमच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना विचारून ठरवा. पुष्कळ गोळ्या आता उपकेंद्रात, म्हणजे आयुष्मान आरोग्य मंदिरातच मिळतात, तिथं असतील तर 11 किलोमीटरचा प्रश्नच नाही. पैसे लागतात असं कोणी म्हटलं तर सांगा, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. आणि वेचणी किंवा सोंगणीसाठी कोणी दुसऱ्या गावाला जात असेल तर जायच्या आधी जास्त दिवसाच्या गोळ्या मागून घ्यायच्या, डॉक्टर देतात, पण मागावं लागतं.

बीपी मोजायची मशीन घ्यायची असेल तर दंडावर पट्टा बांधायची डिजिटल घ्या, मनगटाची नको. वर्षातून दोनदा उपकेंद्राच्या मशीनसोबत जुळवून पाहा. मोजायच्या आधी माणूस पाच मिनिटं शांत बसलेला पाहिजे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकवलेला, आणि अर्धा तास आधी चहा नाही, सुपारी-तंबाखूचा खर्रा नाही. शेतातून डोक्यावर भारा घेऊन आलेल्या बाईची लगेच बीपी मोजाल तर ती वाढलेलीच दिसणार, मग उगाच घाबरवून सोडाल. 140/90 किंवा त्याच्या वर एकदा आली म्हणजे बीपी आहे असं वहीत लिहू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तरी तेवढीच असेल तर डॉक्टरकडे पाठवा. वरचा 180 किंवा खालचा 110 च्या वर दिसला तर त्याच दिवशी पाठवायचं. आणि तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलत नाही, बोलणं अडखळतं, छातीत दुखतं, तर मशीन शोधत बसू नका, 108 ला फोन. लकव्यात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून सुरू कधी झालं ती वेळ लिहून घ्या, आणि तोंडात गोळी, पाणी, काही घालू नका, गिळता येत नसलं तर ते श्वासनळीत जातं.

दोन गोष्टी मात्र अजिबात करायच्या नाहीत. आकडा सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचा नाही. एखाद्या सुनेची बीपी निघाली हे घरी कळायच्या आधी गावात कळलं तर तिचे हाल होतात, आणि ती पुन्हा मशीनजवळ येत नाही. वही एकीच्याच पेटीत राहू द्या. दुसरं म्हणजे रागवायचं नाही. हे मी चूक करून शिकले. एका आजीच्या घरी गेले होते, आजी म्हणे "गोळी रोज घेतो ना वं बाई". कुंकवाची जुनी पेटी उघडून दाखवली तर पाकीट कात्रीनं मधोमध कापलेलं, अर्ध्या गोळ्या सुनेला दिलेल्या, सुनेलाही चक्कर यायची म्हणून. मी तिथंच ओरडले. आजी त्यानंतर चार महिने केंद्रात आली नाही. सुनेला तपासलं तेव्हा तिचं रक्त कमी निघालं, बीपीचा काही संबंधच नव्हता. आजीनं मायेनं दिल्या होत्या गोळ्या, मी आधी खाली बसून विचारायला पाहिजे होतं, त्या चार महिन्यांची मला आजही खंत वाटते.

तुमच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या नावाचं पान वहीत पहिलं करा. लकवा होऊन गेलेल्या माणसाला बीपीची गोळी सगळ्यात जास्त गरजेची असते, आणि घरचे नेमके मालिश आणि काढ्याच्या नादात तीच विसरतात.

प्रश्न : ताई, मी पुण्याला राहतो, बाबा गावी असतात, 62 वर्षांचे आहेत. बीपी नॉर्मल आली की गोळी बंद करतात. म्हणतात, "नॉर्मल हाय तं काहून खायची? सवय लागते." कसं समजवू?
— एक मुलगा, आर्वी तालुका

उत्तर : भाऊ, बाबा शेतकरी असतील तर त्यांना ओलिताचं उदाहरण द्या. मोटर चालू आहे तोवर वाफ्यात पाणी आहे, पाणी दिसलं म्हणून मोटर बंद केली तर वाफा कोरडा पडणारच. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे आला. ही सवय दारू-तंबाखूसारखी नसते. पण बाबांना कशाचा त्रास होतो का ते पण विचारा, कारण ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं काही जणांच्या पायाच्या घोट्याला सूज येते आणि माणूस न सांगता गोळी सोडून देतो. तसं असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतात. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा उठताना अंधारी येत असेल तर बीपी मोजून दाखवा, डोस कमी करावा लागू शकतो, पण तो निर्णय बाबांनी एकट्यानं घ्यायचा नाही. गोळी सकाळच्या चहाच्या कपाशी जोडून द्या, पाकिटावर पेनानं वार लिहा. आणि तुम्ही पुण्याला राहता असं लिहिलंय, तर रोज फोनवर "गोळी घेतली का" विचारून बाबा चिडतील, त्यापेक्षा त्यांच्यासोबत पारावर बसणाऱ्या मित्राला सांगा, त्यालाही बीपी असेल तर उत्तमच, दोघं एकमेकांना विचारतील.

प्रश्न : घरी मीठ किती वापरायचं? मोजायचं कसं? आणि सेंधा मीठ चालते का?
— गृहिणी, भंडारा जिल्हा

उत्तर : माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, त्यातच लोणचं, पापड, सगळं आलं. चमच्यानं कोण मोजत बसणार, म्हणून सोपा हिशोब सांगते. घरात पाच माणसं असतील तर 25 ग्रॅम रोज, म्हणजे एक किलोचा पुडा 40 दिवस पुरला पाहिजे. पुडा फोडला ती तारीख त्याच्यावरच लिहा. वीस दिवसांत संपला तर समजा दुप्पट चाललंय. सेंधा मीठ पण मीठच आहे, त्यानं बीपीला सूट मिळत नाही. भाकरीच्या पिठातलं मीठ बंद करा, ते कोणाला कळतही नाही, ठेच्यात लिंबू जास्त आणि मीठ कमी, आणि सुकी मासळी करायच्या आधी दोन पाण्यांत भिजवून पाणी फेका. सगळ्यांचं एकत्रच कमी करा, एकट्या सासऱ्यांची भाजी वेगळी काढली तर ते दोन दिवसांत वरून मीठ मागतील.

प्रश्न : मी आशा आहे. बाया भेटतात, पण 30 च्या वरचे पुरुष तपासणीला भेटतच नाहीत. घरी गेलं की "शेतात गेले" म्हणतात.
— आशा कार्यकर्ती, चंद्रपूर जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्यावर आधीच किती कामं आहेत ते मला माहीत आहे, म्हणून एकटीनं फिरू नका. पुरुष संध्याकाळी पानठेल्यावर सापडतात. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना सोबत घ्या, पोलीस पाटलांना आधी सांगून ठेवा आणि पहिली बीपी त्यांचीच मोजा, बाकीचे आपोआप रांगेत येतात. खर्रा तोंडात असेल तर थुंकून अर्धा तास बसवा, खर्ऱ्यानं आकडा तेवढ्यापुरता वर जातो. आणि एक गोष्ट सगळ्यांना नक्की विचारा, अंगदुखीची गोळी किती दिवसांपासून घेता? फवारणी-निंदणीच्या दिवसांत लोक दुकानातून घेऊन रोज खातात, त्यातल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी बीपी वाढते आणि किडनीवर पण भार येतो. नाव सांगता येत नाही बहुतेकांना. म्हणून म्हणा, रिकामं पाकीट फेकू नका, जपून ठेवा आणि पुढच्या वेळी तेच दाखवा.