पंचनाम्याची प्रत मागून घ्या

झडती आणि जप्तीबद्दल खान्देशातल्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न (अमळनेर): चोरीच्या गुन्ह्यात भाच्याचं नाव आलं. रात्री वॉरंट नसताना पोलीस घरात शिरले, धान्याच्या कोठ्यासुद्धा उपसल्या, पत्नीचे दागिने नेले. जाताना माझी कोऱ्या कागदावर सही घेतली. आता झडतीच रद्द होईल ना?

उत्तर: भाऊ, त्या भरवशावर राहू नका. तपासात वॉरंटशिवाय झडती घेता येते, पण मनमानी नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८५ प्रमाणे, वॉरंट आणेपर्यंत थांबणं का शक्य नव्हतं याची कारणं अधिकाऱ्याने आधी लिहून ठेवायची असतात. त्या नोंदीची प्रत ४८ तासांत न्यायदंडाधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. तुम्ही तिथे अर्ज केलात तर तीच प्रत तुम्हाला मोफत मिळते. कलम १०३ म्हणतं की परिसरातले किमान दोन निष्पक्ष पंच हवेत, घरच्या माणसाला झडतीच्या वेळी हजर राहू द्यायला हवं आणि जप्त वस्तूंच्या यादीची पंचांच्या सहीची प्रत त्याच्या हातात द्यायला हवी. कलम १०५ मुळे झडतीपासून यादीवर सह्या होईपर्यंत सगळ्याचं चित्रीकरणही बंधनकारक झालं आहे.

हे नियम मोडले तरी पुरावा आपोआप बाद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या पूरनमल खटल्यात सांगितलं की झडती बेकायदा असली, तरी तेवढ्यावरून त्यात सापडलेला पुरावा नाकारता येत नाही. मला हे आजही खटकतं, पण कायदा तसा आहे. म्हणून आपली बाजू कागदावर लगेच आणणं फार गरजेचं. पोलीस अधीक्षकांना आजच लेखी कळवा: कोणता दागिना, किती ग्रॅमचा, त्या वेळी कोण हजर होतं, सही कोऱ्या कागदावर कशी घेतली. सराफाची पावती जोडा आणि अर्जाची पोच घ्या. न्यायालयात चित्रीकरण मागवण्याचा अर्जही करा. त्यात पंच दिसलेच नाहीत, तर उलटतपासणीत तो मुद्दा फार कामाला येतो.

प्रश्न (भुसावळ): स्टेशनबाहेर पोलिसांनी मुलाला थांबवलं, मोबाईलचं लॉक उघडायला लावून व्हॉट्सअ‍ॅप वाचलं. गुन्हा काहीच नव्हता.

उत्तर: ताई, हे चूकच. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, कारण वाजवी हवं आणि कारवाई त्या कारणाच्या प्रमाणात हवी. रस्त्यावर सहज म्हणून चॅट वाचणं यातल्या कशातच बसत नाही. मुलाला सांगून ठेवा, शांतपणे विचारायचं: ‘साहेब, कोणत्या गुन्ह्यात? जप्त करत असाल तर पंचनामा करा.’ हुज्जत घालायची नाही, मोबाईल हिसकवायचा नाही.

गुन्हा दाखल असेल तर मात्र चित्र बदलतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ च्या वीरेंद्र खन्ना निकालात, तातडी नसेल तर मोबाईल तपासण्यासाठी न्यायालयाचं वॉरंट हवं असं म्हटलं. पण पासवर्ड देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असंही त्याच निकालात आहे. आपल्याकडे तो बंधनकारक नाही, युक्तिवादाला आधार म्हणून मात्र वापरता येतो.

प्रश्न (रावेर): मी केळीचा व्यापारी. परराज्यातल्या सायबर पोलिसांनी आठ हजारांच्या वादासाठी माझं पूर्ण खातं गोठवलं. शेतकऱ्यांची देणी थांबली आहेत.

उत्तर: बँक खातं जप्त होऊ शकतं, हे तापस नियोगी खटल्यात १९९९ मध्येच ठरलं. जप्तीची खबर न्यायदंडाधिकाऱ्याला तत्काळ द्यावी लागते. ती उशिरा दिली म्हणून जप्ती आपोआप रद्द होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, पण उशिराचा जाब अधिकाऱ्याला द्यावा लागतो. तुमच्या कामाचा निकाल केरळ उच्च न्यायालयाचा, २०२३ चा आहे. गोठवायची ती वादातली रक्कम, सगळं खातं नाही. आठ हजारांपायी शेतकऱ्यांची देणी अडवणं हा माझ्या मते उघड अन्याय आहे.

बँकेकडून तक्रार क्रमांक, पोलीस ठाणं आणि वादातली रक्कम लेखी घ्या. त्या पैशांच्या व्यवहाराचं बिल, काट्याची पावती आणि ट्रकची बिल्टी तपासी अधिकाऱ्याला ईमेलने पाठवा. दाद लागली नाही तर गुन्हा जिथला, तिथल्या न्यायालयात अर्ज करा.

प्रश्न (शिरपूर): अपघातातली पिकअप ठाण्याच्या आवारात गंजतेय.

उत्तर: सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितली की गाडी हजर करीन अशी लेखी हमी देऊन, सोडवून घ्या. वाहनं ठाण्यात पाडून ठेवू नका, फोटो आणि पंचनामा करून हमीवर परत द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई देसाई निकालात २००२ मध्येच सांगितलं आहे. आरसी, विमा आणि ओळखपत्र घेऊन न्यायालयात अर्ज करा. गाडी वाळूच्या कारवाईत महसूल खात्याने धरली असेल, तर मात्र आधी तहसील गाठावं लागेल.