कारवानीला अ‍ॅजिलिटी शिकवताय? बार खाली घ्या, सीसॉ झाकून ठेवा

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: सांगलीच्या विश्रामबागेत घर, ११ महिन्यांची कारवानी (कॅरव्हान हाउंड, लांब पायांचं वेगवान शिकारी कुत्रं) मादी, चार फुटी कंपाउंड सहज पार करते. व्हिडिओ बघून अंगणात अ‍ॅजिलिटीचे, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळा शर्यतीचे, अडथळे उभे केलेत. उडीवर हौसेने धावते. दीड-दीड फुटावर रोवलेल्या विव्ह पोलमध्ये (ज्यांच्यामधून नागमोडी पळायचं ते खांब) तिसऱ्या पोलनंतर बाहेर पडते. सीसॉ, म्हणजे मधल्या टेकूवर वरखाली होणारी फळी, एकदा धाडकन आपटल्यापासून त्या कोपऱ्यात फिरकतसुद्धा नाही. आणि शेवटी विचारलंय, उडीचा बार अडीच फुटांवर नेऊ का.

नको. शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण घाई तिथेच दिसतेय. बार सध्या १५ सेंटिमीटरवर आणा, म्हणजे वीतभरही नाही. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचा वाढीचा पट्टा असतो. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत तो साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान हाड बनून मिटतो. तोवर उतरतानाचा मार पुढच्या पायांवर पुन्हा पुन्हा बसला आणि पट्टा दुखावला, तर पाय वाकडा वाढू शकतो. कंपाउंडवरून ती दिवसातून एखादी उडी मारत असेल, सरावात तीच उडी वीस वेळा होते. (त्या कंपाउंडवर जाळी लावून घ्याच. बाहेर रस्ता आहे.) एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान संघटनेच्या स्पर्धांतही १८ महिन्यांखालचं कुत्रं उतरवता येत नाही. ४८ सेंटिमीटरपासून पुढची कुत्री त्यांच्या मोठ्या गटात येतात आणि त्या गटाची उडी ५५ ते ६० सेंटिमीटर असते, म्हणजे दोन फुटांच्या आतच. अडीच फूट कुठेच लागत नाही.

आता खरी अडचण. कारवानी पळायला उपजत हुशार, पण आपले मागचे पाय कुठे पडतात याचा तिला पत्ता नसतो. पुढचे पाय डोळ्यांना दिसतात, मागचे नुसते ओढत येतात. सीसॉ, डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी), ए-फ्रेम (दोन उतारांचा तिकोनी चढ) हे सगळे मागच्या पायांचे खेळ आहेत. त्यासाठी घरातला जेवायचा पाट पुरतो. पुढचे दोन पाय पाटावर ठेवायला शिकवा आणि मग तुम्ही तिच्याभोवती सावकाश फिरा. तुमच्याकडे तोंड ठेवण्यासाठी ती मागचे पाय बाजूला टाकेल. पहिल्या दिवशी एक पाऊल सरकलं तरी लगेच खाऊ द्या. आठवडाभरात पूर्ण गोल फिरायला हवी, डावीकडून आणि उजवीकडूनही. दुसरा व्यायाम म्हणजे जमिनीवर आडवी टाकलेली बांबूची शिडी. तिच्या पायऱ्यांमधून चालत न्यायचं, पळवत नाही. पायऱ्यांवर पाय आपटायचे थांबले की मागचे पाय जागे झाले.

उडीचा सांगाडा घरी करताना बहुतेकांची एकच चूक होते: बार तारेने बांधतात नाहीतर भोकात घट्ट बसवतात. अ‍ॅजिलिटी १९७८ मध्ये इंग्लंडच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात घोड्यांच्या उड्यांच्या खेळावरून सुरू झाली, आणि धक्का लागला की बार पडलाच पाहिजे हा नियम तिथूनच आला. स्पर्धेत पडलेल्या बारचे ५ दोषगुण लागतात. घरी न पडणाऱ्या बारने पाय मोडतो. शेतीच्या दुकानातला ३२ एमएम पीव्हीसी पाइप घ्या, २० फुटी एका नगात एक उडी होते. ७५ सेंटिमीटरचे दोन खांब, १२० सेंटिमीटरचा बार, तेवढीच जमिनीलगतची आडवी जोड आणि ३० सेंटिमीटरचे चार पाय. टी (टी आकाराचे पाइपचे जोड) सहा लागतील: प्रत्येक खांबाच्या तळाशी दोन, आणि उरलेल्या दोन बार ठेवायला. या शेवटच्या दोन टींचं काम नीट करा. सरळ नळी मागून उभी चिरा आणि आतली कड कानशीने घासून टाका, म्हणजे ती खांबावर क्लिपसारखी बसते आणि वरखाली सरकते. पुढच्या तोंडाचा वरचा भाग कापून फक्त खालचा एक तृतीयांश ठेवा. अर्धा ठेवलात तर बार अडकतो, पडत नाही. उघड्या टोकांना एंडकॅप लावा. बारवर पिवळी किंवा निळी टेप गुंडाळा, लाल नको. कुत्र्याला लाल आणि हिरवा वेगळा कळत नाही, त्यामुळे गवतावर लाल पट्टा त्याच्यासाठी नसल्यासारखाच. पाइप उन्हात ठेवले की वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतात आणि तुटला की धार येते.

बार पाडते म्हणून उंची कमी-जास्त करत बसू नका. बहुतेक वेळा माणूस उशिरा वळतो. पलीकडे डावीकडे जायचंय हे तिला झेप घेण्याआधी कळायला हवं, हवेत कळलं तर ती अंग पिळते आणि मागचा पाय बारला लागतो. कुत्रं तोंडच्या शब्दाआधी तुमचे खांदे आणि बुटांची टोकं वाचतं. दोन उड्या ५ मीटरवर ठेवा, ती पहिल्या उडीकडे निघाली की तेव्हाच दुसरीकडे खांदे फिरवा आणि चालायला लागा. कारवानीचं वळण मुळातच ट्रॉलीसारखं रुंद, त्यामुळे तुम्हाला इतरांपेक्षा एक पाऊल आधीच वळावं लागेल.

विव्ह पोल. दीड फूट अंतर तिच्या लांबीला फारच कमी आहे. नियमाचं अंतर ६० सेंटिमीटर, पोल १२, पहिला पोल नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी. तिसऱ्यानंतर बाहेर पडते याचा अर्थ तुम्ही खाऊचा हात पुढे धरून नागमोडी नेताय. दोन पोलांपर्यंत हात जमतो, तिसऱ्याला तो मागे राहतो आणि ती हाताकडे येते. तिने पोल बघितलेलेच नाहीत, हात बघितलाय. हात बंद करा. सहा पोल घ्या आणि १, ३, ५ एका ओळीत, २, ४, ६ दुसऱ्या ओळीत लावा. दोन ओळींत ६० सेंटिमीटरची गल्ली राहील, तिच्यातून ती सरळ पळेल. बक्षीस शेवटच्या पोलपलीकडे जमिनीवर टाका, तुमच्या हातातून नको. तीन सराव बिनचूक झाले की गल्ली ५ सेंटिमीटरने अरुंद करा. १५ सेंटिमीटरवर आली की कणा वाकायला लागतो. तिथे थांबा, पुढचं काम ती १५-१६ महिन्यांची झाल्यावर. तोवर शिरणं पक्कं करा: समोरून, मग थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून, असं कोन वाढवत. पोलसाठी १० एमएमची सळई जमिनीत वीतभर ठोकून तिच्यावर पाइप घाला. सळई उघडी अजिबात ठेवू नका. वाकून पळणाऱ्या कुत्र्याचा डोळा नेमका त्याच उंचीवर असतो.

सीसॉला वेळ लागेल. पायाखालची फळी हलणं, जमिनीवर आपटल्याचा आवाज आणि पोटात गोळा येईल असं खाली जाणं, या तीन वेगळ्या भित्या आहेत, आणि तिला तिन्ही एका सेकंदात मिळाल्या. म्हणून त्या सुट्या करून घालवायच्या. पट्टा धरून ओढत चढवणं तर नकोच, खाऊ दाखवत चढवणंही नको. खाऊच्या मागे नाक ठेवून ती मध्यापर्यंत जाते, फळी कलते तेव्हा भानावर येते, आणि पुढच्या वेळी तुमच्या हातातल्या खाऊवरच संशय घेते. आधी दोन आठवडे सीसॉ नजरेआड करा.

आवाज असा: घरातल्या कुणालातरी पंधरा पावलांवर उभं करून एक फळी गोधडीवर पाच सेंटिमीटरवरून पाडायला सांगा. आधी आवाज, सेकंदाच्या आत खाऊ. क्रम उलटा झाला तर खाऊ दिसला की आता काहीतरी आपटणार, असं ती शिकेल. रोज दोन पावलं जवळ. तिने खाणं थांबवलं तर तुम्ही फार जवळ आलात, मागे जा. मग गोधडी काढा.

हलणं: दोन बाय दोन फुटांचं १२ एमएम प्लायवुड, खाली मधोमध मोज्यात घालून ठोकलेला टेनिसचा चेंडू. एक पाय ठेवला तरी खाऊ. चारही पाय ठेवून ती स्वतःच डुलायला लागली की पुढे.

फळी: सेंट्रिंगची वापरू नका. ती अरुंद असते, तिच्यात खिळ्यांचे तुकडे असतात आणि पावसात पिळते. १८ एमएम प्लायचा ८ फुटी, ३० सेंटिमीटर रुंद तुकडा, खालून लाकडी पट्टीचा आधार, वर रंग ओला असताना चाळलेली वाळू भुरभुरलेली. टेकू ३० सेंटिमीटर उंच. स्पर्धेतली फळी ३.६ मीटर किंवा जास्त आणि टेकू ६० सेंटिमीटरचा असतो, पण तुम्हाला एवढ्यात ती उंची नको. चढायच्या टोकाखाली अर्धा किलो वजन बांधा, म्हणजे रिकामी फळी नेहमी त्याच बाजूला टेकते.

आता दोन्ही टोकांखाली चार-चार विटा. फळी आडवी, हलत नाही. ती चढून टोकापर्यंत चालली पाहिजे, आणि खाऊ कायम टोकाशी, फळीवर ठेवलेला. मध्यावर कधीच नाही, नाहीतर ती मध्यावर थबकायला शिकेल. तीन सराव बेधडक झाले की उतरायच्या टोकाखालची एक वीट काढा. आता मध्य ओलांडल्यावर फळी साडेसात सेंटिमीटर खाली जाईल. पहिल्या वेळी टोक तुम्ही हाताने धरून सावकाश टेकवा. दर वीट किमान तीन सराव. उतरती बाजू रिकामी झाली की मग चढायच्या बाजूच्या विटा एकेक करून काढा, तेव्हा फळी खऱ्या सीसॉसारखी तिरकी होते. कधीही कान मागे गेले, पोट खाली गेलं किंवा ती मध्येच बाजूला उतरली, की एक वीट परत ठेवा. बाजूने उतरली तर ओरडू नका. टोकाला पोचल्यावर मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर अशी थांबायची सवय बरणीचं झाकण जमिनीवर ठेवून लावा: झाकणाला नाक लावलं की खाऊ. हीच सवय पुढे ए-फ्रेम आणि डॉग वॉकच्या उताराला कामी येते.

टनेल सोपा. व्यास ६० सेंटिमीटर हवा. लहान मुलांचा खेळण्यातला टनेल तिला अपुरा पडेल आणि पाठ घासेल. दोन्ही बाजूंना वाळू भरलेल्या पिशव्या लावा, गडगडला तर सीसॉसारखंच होईल. टायरची उडी सध्या सोडून द्या.

ऊस तोडून गेलेल्या रानात सराव नको. बुडखे पायाच्या गादीत भाल्यासारखे घुसतात आणि कारवानीची कातडी कागदासारखी पातळ. द्राक्षबागेजवळ तारा. मुरमाचं मैदान उतरायला फार कठीण, नदीकाठची खोल वाळू स्नायू ओढते. कापलेल्या गवताचं मैदान आणि चारही बाजूंनी कुंपण, एवढंच बघा. ससा दिसला तर ती थांबणार नाही, आणि मुद्दाम सोडाल तर तो वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. पावसाळ्यानंतर रोज बोटांच्या मधे सराटे आणि कानात कुसळं बघा. कुसळ आत गेलं की उलटं येत नाही, पुढेच सरकतं. मार्च ते मे सकाळी आठच्या आत संपवा. जमिनीवर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवत नसेल तर तिचे पायही तिथे नकोत.

सराव पाच मिनिटांचा, एका अडथळ्याच्या चारपेक्षा जास्त फेऱ्या नाहीत, आठवड्यातून दोन दिवस सुट्टी. कारवानी लॅब्राडोरसारखी खाऊसाठी जीव टाकत नाही, तिला पळणारी वस्तू आवडते. मेंढीच्या कातड्याची पट्टी तीन मीटर दोरीला बांधून जमिनीवरून सरपटवा, खाऊपेक्षा जास्त काम करेल. खाऊ द्यायचाच तर उकडलेलं चिकन किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे. आपल्याकडे तासगावचा बेदाणा घरोघरी असतो, तो खिशात ठेवून देऊ नका. द्राक्ष आणि बेदाणा दोन्हींनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, थोड्यानेही, आणि कुणाला किती बाधेल ते आधी सांगता येत नाही. चुकून खाल्लाच तर उलटीची वाट न बघता लगेच डॉक्टरकडे न्या. जेवण आणि सराव यांत आधी दोन तास, नंतर एक तास ठेवा. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळ बसण्याचा धोका असतो.

साखळीचा किंवा गळा आवळणारा पट्टा अडथळ्यांवर काढून टाका, खांबाला अडकतो. नखं फरशीवर टकटक वाजत असतील तर या रविवारीच कापा. आणि पुढच्या महिन्यात सीसॉचं काय झालं ते लिहिताना किती विटा उरल्या तेही लिहा.