टॉर्चमधली ट्रिटियम नळी: उजेड किती, किती वर्षं?

प्रश्न: टेलकॅपमध्ये, म्हणजे मागच्या टोकाच्या झाकणात, दीड बाय सहा मिलिमीटरची हिरवी ट्रिटियम नळी असलेली टॉर्च घेतली. जाहिरातीतल्या फोटोत नळी पेटल्यासारखी दिसते, घरी मात्र अगदीच मिणमिणती. जुना माल गळ्यात मारला का?

बहुधा नाही. ते फोटो कॅमेऱ्याचं शटर कित्येक सेकंद उघडं ठेवून काढलेले असतात. ट्रिटियम म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन. त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन नळीच्या आतल्या फॉस्फरच्या (मारा बसला की चमकणाऱ्या पदार्थाच्या) लेपावर आदळतात आणि लेप चमकतो. हा उजेड टॉर्च हाताला लागावी एवढ्यापुरताच, वाट दिसण्यासाठी नव्हे. शिवाय ट्यूबलाइट बंद करून लगेच पाहिलंत तर काहीच कळणार नाही, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. मध्यरात्री जाग आल्यावर उशाशी बघा आणि मग ठरवा.

मोठी नळी घेतली तर चकाकणारा भाग वाढतो. तीन बाय बावीसच्या नळीचा पृष्ठभाग दीड बाय सहाच्या सातपटीहून जास्त भरतो. पण तेवढा खाचा टॉर्चमध्ये पाडायला जागा हवी.

प्रश्न: नळी किती वर्षं टिकते? विक्रेता पंचवीस वर्षं म्हणतो.

ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात ते निम्मं उरतं. दरवर्षी साडेपाच टक्क्यांच्या आसपास घट: पाच वर्षांनी सुमारे ७५ टक्के, दहा वर्षांनी ५७, वीस वर्षांनी ३२, पंचविसाव्या वर्षी जेमतेम २४. हा झाला वायूचा हिशेब. इलेक्ट्रॉनांचा मारा खाऊन फॉस्फरही थकतो, त्यामुळे प्रत्यक्षातली घट याहून थोडी जास्तच असते. दिलासा एवढाच की उजेड निम्मा झाला तरी डोळ्याला तो निम्मा वाटत नाही. विक्रेता खोटं बोलत नाही, पण पंचविसाव्या वर्षी काय उरतं ते सांगत नाही. वापरलेली टॉर्च घेताना नळी कोणत्या वर्षी बनली ते आधी विचारा. टॉर्च कधी विकत घेतली याला अर्थ नाही.

उजेड हळूहळू उतरणं वेगळं आणि चांगली चालणारी नळी अचानक काळी पडणं वेगळं. अचानक विझली तर काचेला तडा जाऊन वायू निसटला असं धरून चाला.

प्रश्न: लाल नळी आवडते, पण हिरवीपेक्षा फारच फिकी दिसते. लालमध्ये ट्रिटियम कमी घालतात का?

त्याचा संबंध तुमच्या डोळ्यांशी आहे. डोळा हिरव्या रंगाला सर्वांत संवेदनशील असतो. अंधारात ही संवेदनशीलता आणखी निळसर हिरव्याकडे सरकते आणि लाल रंग जवळजवळ दिसेनासा होतो. त्यातून लाल फॉस्फरची कार्यक्षमताही कमी. सर्वांत उजळ हिरवी, मग पिवळी, त्यानंतर आइस ब्लू (बर्फासारखी फिकट निळी) आणि पांढरी, मग नारिंगी. लाल, निळी आणि जांभळी तळाला. रात्रीच्या ट्रेकला सॅकमध्ये हात घालून टॉर्च शोधायची असेल तर हिरवी किंवा आइस ब्लू घ्या. लाल हौसेपुरती.

प्रश्न: अतिनील दिव्याने सुकणाऱ्या गोंदाने नळी स्वतः चिकटवली. काम झालं तेव्हा झगझगीत होती, दुसऱ्या दिवशी मंद झाली. वर गोंदही चिकट राहिला. काय चुकलं?

मंद होण्यात काही चुकलेलं नाही. गोंद सुकवायच्या अतिनील दिव्याने फॉस्फरही उत्तेजित होतो आणि काही वेळ जास्त चमकतो. तो उसना उजेड. खरा उजेड नळी रात्रभर अंधारात ठेवल्यावरच कळतो.

गोंद चिकट राहिला याचा अर्थ दिवा बहुतेक चुकीचा आहे. या कामाला नॉरलँडचा एनओए ६१ हा गोंद वापरतात. तो ३२० ते ३८० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांवर सुकतो. बाजारातले स्वस्त जांभळे दिवे ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरचे असतात; त्यांनी गोंद अर्धवटच सुकतो. ३६५ चा दिवा आणा. वरून कडक झाल्यावरही काचेवरची पकड पूर्ण यायला आठवडा जातो, तोवर टॉर्च आपटू नका.

पुढच्या वेळी खाचा आधी नीट मोजा. दीड मिलिमीटरच्या नळीला १.६ ते १.७ रुंदी, सहाच्या लांबीला ६.२ ते ६.३ आणि खोली एवढी की नळी पृष्ठभागाच्या किंचित खाली बसेल. वर डोकावणारी नळी पहिल्याच पडण्यात फुटते. घट्ट ठोकून तर मुळीच बसवू नका: ॲल्युमिनियम तापल्यावर बोरोसिलिकेट काचेच्या कितीतरी पट पसरतं आणि थंडीत आकसून काच चिमटतं. भोवती गोंदाची गादी हवीच.

नळीचा निम्मा उजेड मागच्या बाजूला जातो. काळं ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर चढवलेला काळा थर, तो गिळून टाकतं. खाच्याचा तळ घासून चकचकीत केला किंवा पांढऱ्या रंगाचा पातळ हात दिला, तर समोरून फरक दिसतो. इतक्या स्वस्तात उजेड वाढवायचा दुसरा उपाय नाही. मग खाचा अल्कोहोलने पुसून सुईच्या टोकाने तळाला थोडा गोंद, त्यावर नळी, वरून आणखी एक थेंब. दहा मिनिटं तसंच राहू द्या म्हणजे बुडबुडे वर येतील, मगच दिवा लावा. फेव्हिक्विकच्या वाफेने काचेवर पांढरी धूसर पुटं चढतात. साधा इपॉक्सी कालांतराने पिवळा पडतो.

प्रश्न: ऑनलाइन मिळालेली नळी खरी ट्रिटियमची की नुसती अंधारात चमकणारी पावडर?

पत्र्याच्या बंद डब्यात तीन दिवस ठेवा आणि अंधारातच उघडा. स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटची पावडर प्रकाश खाऊन सुरुवातीला ट्रिटियमपेक्षाही उजळ दिसते, पण तीन दिवसांत विझते. ट्रिटियम तसंच चालू असतं. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र, आणून उपयोग नाही. ट्रिटियमचे इलेक्ट्रॉन काचेबाहेर येतच नाहीत.

प्रश्न: घरात लहान मूल आहे. नळी फुटली तर?

शाबूत नळीपासून धोका नाही. फुटली तर मुलाला घेऊन खोलीबाहेर जा, खिडक्या उघडा आणि तासभर वारा खेळू द्या. वायुरूप ट्रिटियम शरीरात फारसं शोषलं जात नाही. त्याचं पाणी झालं तर ते कितीतरी जास्त घातक, म्हणून कोंदट खोलीत थांबू नका. काचा हातमोजे घालून चिकटपट्टीने उचला, झाकणाच्या डब्यात ठेवा, हात साबणाने धुवा. फुटलेली असो की विझत आलेली, नळी घरच्या कचऱ्यात टाकू नका. भारतात किरणोत्सर्गी पदार्थांचं नियमन अणुऊर्जा नियामक मंडळ करतं. परदेशातून सुट्या नळ्या मागवण्याआधी परवानगीचं आणि टाकून देताना विल्हेवाटीचं तिथेच विचारा.