‘सामूहिक कारावास’ की ‘घाऊक कैद’? आणि ‘जबाबदार’ म्हणजे नेमकं काय?

न्यू जर्सीतल्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मराठी वाचनगटात अमेरिकेच्या १९९४ च्या गुन्हेगारीविषयक कायद्यावर एकानं टिपण वाचलं. त्यात ‘मास इन्कार्सरेशन’साठी, म्हणजे प्रचंड संख्येनं माणसं तुरुंगात घालण्यासाठी, ‘सामूहिक कारावास’ असा शब्द वापरला होता, आणि शेवटचं वाक्य होतं : ‘या सामूहिक कारावासाला जो बायडन जबाबदार आहेत.’ बायडन तेव्हा सिनेटर होते. त्यावरून गटात चांगलीच जुंपली. चहा निवला, पण वाद निवला नाही. ताई विचारतात, शब्द बरोबर आहे का? आणि ‘जबाबदार’ म्हटलं की ‘दोषी’ असंच म्हटल्यासारखं होतं का?

आधी ‘सामूहिक’. आपल्याकडे हा शब्द ‘मिळून, एका जागी, एका वेळी’ या अर्थानं रुळला आहे. सामूहिक विवाह, सामूहिक राष्ट्रगीत, सामूहिक रजा, झालंच तर दहावीच्या केंद्रावरची सामूहिक कॉपी. त्यामुळे ‘सामूहिक कारावास’ वाचलं की माझ्या डोळ्यांसमोर गांधीटोपी घातलेले शंभर सत्याग्रही घोषणा देत येरवड्याच्या दारातून आत जाताना दिसतात. अमेरिकेत जे घडलं ते याच्या अगदी उलट. तिथे माणसं एकेकटी आत गेली. वेगवेगळ्या कोर्टांतून, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या कलमांखाली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून सुमारे दोन लाख कैदी होते. २००९ पर्यंत ते सोळा लाखांवर गेले. स्थानिक जेलं धरली तर आकडा तेवीस लाखांच्या आसपास पोचतो.

मात्र टिपणकर्त्याला अगदीच मोडीत काढू नका. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड गारलंड यांनी २००१ च्या सुमारास ‘मास इम्प्रिझनमेंट’ या जवळच्याच शब्दाची फोड केली, तेव्हा दोन खुणा सांगितल्या होत्या. एक म्हणजे संख्या, इतिहासात कधी नव्हती एवढी. दुसरी खूण अशी की शिक्षा एकेका गुन्हेगाराची न राहता एका समूहाचीच होऊन बसते. काळ्या वस्तीतल्या तरुण मुलांच्या वाट्याला तुरुंग असा येतो, जशी इतरांच्या वाट्याला नोकरी. लोकसंख्येत काळे लोक सुमारे तेरा टक्के, तुरुंगात सुमारे तिसरा हिस्सा. म्हणजे ‘समूह’ त्यात आहेच! १९४२ च्या चळवळीत इंग्रजांनी गावंच्या गावं धरून ‘सामूहिक दंड’ बसवले होते, त्या ‘सामूहिक’शी याचं नातं जुळतं. पण तो अर्थ आता वाचकाच्या कानात उरलेला नाही. शब्द व्युत्पत्तीनं बरोबर असून भागत नाही, तो कानालाही बरोबर लागावा लागतो.

मग दुसरं काय? ‘मोठ्या प्रमाणावरील कारावास’ हे परिपत्रकाचं मराठी झालं. ‘सरसकट’ म्हणावं तर त्यात ‘कोणालाही न वगळता’ असा अर्थ आहे. सरसकट कर्जमाफी, सरसकट पंचनामे. इथे तर वगळावगळीवरूनच सगळी तक्रार आहे. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानं पाच ग्रॅम क्रॅकला (धुरातून ओढायच्या कोकेनच्या खड्यांना) पाच वर्षांची किमान शिक्षा ठेवली, आणि तीच शिक्षा कोकेनच्या पावडरीला मिळायला अर्धा किलो माल लागायचा. चहात घालतो तो साखरेचा एक चमचा एका पारड्यात, वाण्याकडची अर्ध्या किलोची पुडी दुसऱ्या पारड्यात. क्रॅक गरीब काळ्या वस्त्यांत पकडलं जायचं, पावडर श्रीमंतांच्या पार्ट्यांत फिरायची. २०१० मध्ये हे प्रमाण शंभरास एकवरून अठरास एकवर आलं. याला सरसकट म्हणायची माझी छाती नाही.

एका मित्रानं ‘तुरुंगभरती’ सुचवला. झकास शब्द, पण गावाकडची पोरं ती जाहिरात समजून फॉर्मची शेवटची तारीख विचारतील. ‘जेलभरो’ तर आपखुशीनं करायचं आंदोलन.

माझं मत ‘घाऊक’ला. घाऊक बदल्या, घाऊक पक्षांतर ही वापरातली भाषा आहे. मालासारखी माणसं मोजली जातात, एकेकाकडे पाहायला कोणाला वेळ नसतो, हा भाव त्यात आपोआप येतो. किंचित टोचरा आहे, हे मान्य. पण मूळ शब्दही काही सोवळ्यातला नाही.

आता त्याच्या पुढचा शब्द, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. कारावास काय, तुरुंगवास काय, दोन्हीत ‘वास’ आहे. वनवास, अज्ञातवास, सासुरवास यांच्याच पंगतीतला. वास करणारा असतो, भोगणारा असतो. पाठवणारा त्या शब्दात कुठेच नाही. कारावास ‘भोगतात’. वनवास म्हटला की राम-सीता आठवतात, कैकेयीचं नाव मागाहून घ्यावं लागतं. इंग्रजी शब्द मात्र कोंडणाऱ्याच्या बाजूचा आहे. त्यासाठी मराठीत ‘डांबणे’ हे फर्मास क्रियापद आहे. तुरुंगात डांबलं, असं म्हटलं की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतोच : कोणी? ‘धरपकड’ही कर्त्याच्या बाजूची आहे, पण ती अटकेपाशी संपते. अमेरिकेतलं दुखणं अटकेपेक्षा लांबलेल्या शिक्षांचं आहे. आपल्याकडे कैद्याला चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेत सूट मिळते, संचित रजा (फर्लो) मिळते, अभिवचन रजा (पॅरोल) मिळते. १९९४ च्या कायद्यानं राज्यांना तुरुंग बांधायला पैसे देऊ केले, पण त्यातल्या मोठ्या हिश्शाला अट घातली : हिंसक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यानं निदान ८५ टक्के शिक्षा आत काढलीच पाहिजे. म्हणून ‘कैद’ हा शब्द मला ‘अटके’पेक्षा आणि ‘वासा’पेक्षा जवळचा वाटतो. घाऊक कैद.

जाता जाता एक गंमत. ‘तुरुंग’ हा आपला शब्द पोर्तुगीज ‘त्रोंकू’वरून आला. त्रोंकू म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी सापळाही. मराठीतही खोडावरूनच ‘खोडा’ झाला, कैद्याच्या पायातला. दोन भाषा एकमेकींना न विचारता त्याच झाडाशी पोचल्या. आज खोडा फक्त दुसऱ्याच्या कामात घातला जातो.

आणखी एक सावधगिरी. अमेरिकेत ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ वेगळे : जेल तालुका-जिल्ह्याच्या पातळीवरचं, खटला उभा राहीपर्यंतचं किंवा छोट्या शिक्षेचं, प्रिझन शिक्षा झालेल्यांचं. मराठीत आपण इमारतीला एकच नाव देतो आणि फरक माणसात करतो, कच्चा कैदी आणि पक्का कैदी. भारतातल्या तुरुंगांबद्दल लिहायचं असेल तर हा फरक विसरू नका. २०२२ च्या अधिकृत आकडेवारीत आपल्याकडे पाच लाख त्र्याहत्तर हजारांवर कैदी होते आणि त्यांतले जवळपास ७६ टक्के कच्चे. त्यांच्यासाठी ‘खितपत पडणे’ याहून नेमकं क्रियापद दुसऱ्या भाषेत मला तरी सापडलेलं नाही.

आता ‘जबाबदार’. शब्दाच्या पोटात ‘जबाब’ आहे, म्हणजे उत्तर. ज्यानं उत्तर द्यायचं तो जबाबदार. पोलीस ठाण्यात नोंदवतात तोही जबाबच. पण रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द फार सैल सोडला आहे. अपघाताला खड्डा जबाबदार, द्राक्षं गेली त्याला अवकाळी जबाबदार. खड्डा काय जबाब देणार? तिथे म्हणायचं असतं ‘कारणीभूत’. ताईंच्या गटातलं भांडण बहुधा याच सैलपणातून झालं असावं. एक तट ‘कारणीभूत’ या अर्थानं वाक्य खोडत होता, दुसरा ‘उत्तर द्यायला बांधील’ या अर्थानं ते धरून बसला होता. दोघंही आपापल्या जागी बरोबर!

कारणीभूत म्हणून पाहाल तर पहिल्या तटाचं पारडं जड आहे. कैद्यांची संख्या १९७३ च्या सुमारापासून चढतच होती. न्यूयॉर्कचे कडक ड्रग कायदे त्याच वर्षीचे. १९९४ चा कायदा होईतो राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत दहा लाख माणसं होतीच. केंद्राचे कैदी तेव्हा एकूण कैद्यांच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, बाकी राज्यांचे. कॅलिफोर्नियानं ‘तिसऱ्या गुन्ह्याला जन्मठेप’ हा नियम त्याच वर्षी मार्चमध्ये केला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी केंद्राच्या विधेयकावर सही केली ती १३ सप्टेंबरला. तेव्हा ‘या कायद्यामुळे घाऊक कैद झाली’ हे वाक्य काळाच्या क्रमातच बसत नाही. बायडन यांनीही २०१९ मध्ये न्यू हॅम्पशरमध्ये हेच सांगितलं होतं.

पण जबाब मागायचा तर तो त्यांच्याकडेच मागायचा. विधेयक पुढे नेणाऱ्या सिनेटच्या न्यायविषयक समितीचे ते अध्यक्ष होते आणि पुढेही बरीच वर्षं स्वतःच त्याला अभिमानानं ‘बायडन बिल’ म्हणत असत. १९८६ च्या त्या चमचा-पुडीच्या कायद्यातही त्यांचा हात होता. श्रेय घेताना ‘मी’ आणि हिशेब देताना ‘राज्यं’, हे चालायचं नाही.

इथे व्याकरण फार चुगलखोर आहे. २०१९ च्या जानेवारीत क्रॅकच्या शिक्षांबद्दल बायडन जे बोलले त्याचा मराठी अवतार ‘मोठी चूक झाली’ असा होतो. २०२० च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात त्यांना थेट विचारलं, की १९९४ च्या कायद्याला पाठिंबा देणं चूक होतं का? ते ‘हो’ म्हणाले, आणि लगेच पुढे, चूक कुठे झाली तर राज्यांनी स्थानिक पातळीवर जे केलं तिथे. आता शाळेतला प्रयोग आठवा. ‘चूक झाली’ हा कर्तरी प्रयोग, आणि त्यात कर्ता कोण? चूक! ती बिचारी स्वतःच झाली. क्लिंटन २०१५ मध्ये त्याच फिलाडेल्फियात म्हणाले होते, की मी सही केलेल्या कायद्यानं प्रश्न आणखी बिघडवला आणि हे मला कबूल करायचं आहे. ‘मी सही केली’ हा व्याकरणात कर्मणि प्रयोग, पण जबाबदारीच्या हिशेबात तोच खरा कर्तरी. आपल्याकडचं ‘कोणाचीही गय केली जाणार नाही’ हे वाक्य आठवा. गय न करणारा त्यात कधी सापडलाय?

दोषी हा शब्द मी टाळेन. दोषी ठरवायला कोर्ट लागतं, आणि इथे आरोपींची रांग फार लांब आहे. कनिष्ठ सभागृहात कायदा २३५ विरुद्ध १९५ असा संमत झाला, सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३८. होकार देणाऱ्यांत डाव्या विचारांचे बर्नी सँडर्स होते, काळ्या खासदारांच्या गटातले बहुसंख्य होते. त्यांची अडचण खोटी नव्हती. त्याच गाठोड्यात स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा होता, युद्धात शोभतील अशा बंदुकांवर दहा वर्षांची बंदी होती, आणि आपल्या वस्तीत रोज गोळीबार ऐकणारे मतदार पोलीस मागत होते. पण त्याच गाठोड्यात कैद्यांची कॉलेजशिक्षणाची सरकारी मदत काढून घेणारं कलमही होतं. ‘शिक्षा’ आणि ‘शिक्षण’ एकाच धातूपासून आले, हे वॉशिंग्टनला कोण सांगणार! अशा लोकांसाठी मराठीत वाल्या कोळ्याच्या गोष्टीतला शब्द तयार आहे : वाटेकरी. वाल्याच्या बायकोपोरांनी लुटीच्या भाकऱ्या खाल्ल्या आणि पापाचा वाटा नाकारला. १९९४ चे मतदार, महापौर, खासदार सगळे वाटेकरी. नारदानं विचारलं तर हात वर करणारे थोडे.

तेव्हा ताई, टिपणातलं वाक्य मी असं लिहीन : ‘अमेरिकेनं चार दशकं माणसं घाऊक डांबली. १९९४ चा कायदा त्याला काही अंशी कारणीभूत आहे. त्याचा जबाब मात्र बायडन यांनी आणि क्लिंटन यांनी द्यायचा आहे, आणि मत देणारे सगळे त्यात वाटेकरी आहेत.’ वाक्य लांबलं खरं. गटात वाचताना ‘काही अंशी कारणीभूत आहे’पाशी थांबू नका, नाहीतर पहिल्या तटाचे लोक तेवढ्यावरच टाळ्या वाजवतील.