ड्यून सुरू करतोयस? मग हे वाच

आधी पुस्तक की आधी पिक्चर यावर उगाच डोकं खाऊ नकोस, मला विचारशील तर 2021 चा दिग्दर्शक विलनव्हचा पहिला पार्ट बघून टाक आणि मग फ्रँक हर्बर्टच्या या विज्ञानकथा मालिकेतलं 1965 चं पहिलं पुस्तक उघड, कारण सुरुवातीला बेने गेसेरिट, क्विसात्झ हादेराख असले शब्द नुसते अंगावर येतात, चेहरे डोळ्यासमोर असले की जरा निभतं. मागे शब्दसूची आहे पण सारखा तिकडे पळू नको, निम्मे अर्थ वाचता वाचता लागतात. प्रकरणांच्या डोक्यावर राजकन्या इरुलानच्या लिखाणातले उतारे असतात ते मात्र गाळायचे नाहीत हां. नायक पॉलच्या घराण्याचा डॉक्टर युए दगा देणार हे हर्बर्ट अगदी आधीच फोडून टाकतो, तरीपण अराकीन शहरातल्या जेवणाच्या पंगतीचा सीन वाचताना धाकधूक होतेच, टेबलावरचा प्रत्येक जण दुसऱ्याला जोखत असतो. आणि नव्या पिक्चरमध्ये तो सीनच नाहीये!

2024 चा पार्ट पुस्तक संपल्यावरच बघ. पॉलची प्रेयसी चानी खूप बदललीये, त्याची बहीण आलिया पुस्तकात चालतीबोलती पोर आहे तर इथे आईच्या पोटातच. मला चानीचा बदल पटला, कट्टर लोकांना नाही.

पहिल्यावर थांबू नकोस, 'ड्यून मसाया' छोटंसंच आहे, पॉलला हिरो समजणाऱ्यांची तिथे चांगलीच उतरते. चौथं पुस्तक थेट साडेतीन हजार वर्षं पुढे जातं, तिथे कंटाळलास तर सोड बिनधास्त. 1984 वाला लिंचचा पिक्चर सगळ्यात शेवटी, गंमत म्हणून, त्याच्या टीव्हीसाठी वाढवलेल्या कटवरून तर लिंचने स्वतःचं नावच काढून घेतलं होतं.