बोका दवाखान्यातून घरी आल्यापासून पलंगाखाली बसून असतो, भाटी पण त्याच्यावर फिसकारते, तो आम्हाला विसरला का?

ताई, विसरला नाहीये तो. हे आधी सांगते कारण तुमच्या प्रश्नात बाकी सगळ्यापेक्षा तेच जास्त टोचतंय असं वाटलं. तुम्ही लिहिलंय की बोक्याची लघवी तुंबली होती, नळी घालून दवाखान्यात ठेवला, परवा घरी आणला आणि तेव्हापासून पलंगाखालून बाहेर येत नाही, हाक मारली तरी बघत नाही, उचलायला गेलं की गुरगुरतो, आणि घरातली भाटी जी त्याच्या अंगावर डोकं ठेवून झोपायची ती आता त्याला बघितलं की फिसकारते. आम्ही पण साताऱ्यातच, गोडोलीत असतो, आणि आमच्या काळूचं पण हेच दुखणं झालेलं, नळी, सलाईन सगळं, आणि घरी आल्यावर वागणं पण हेच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पण वागण्याचं नंतर, आधी लघवीवर लक्ष ठेवा. बोक्याचा मूत्रमार्ग भाटीपेक्षा खूप अरुंद असतो त्यामुळे एकदा तुंबलेला परत तुंबू शकतो आणि नळी काढल्यानंतरचे पहिले काही दिवस, आठवडे सगळ्यात जोखमीचे. नळीमुळे आत सूज असते म्हणून थोडे दिवस सारखं सारखं जाणं, थोडी थोडी होणं, जरा गुलाबीसर होणं हे दिसू शकतं, ते डॉक्टरांना फोनवर सांगून ठेवा पण लगेच हबकून जाऊ नका. हबकायचं कधी, तर तो शी-शूच्या वाळूच्या पेटीत जाऊन बसतोय, जोर लावतोय, ओरडतोय, खालची जागा सारखी चाटतोय आणि वाळू मात्र कोरडी. तेव्हा सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन लावायचा. पुष्कळ लोकांना वाटतं की संडासला खडा धरलाय कारण बसायची पद्धत तशीच दिसते, आणि त्यात एक दिवस जातो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं, त्याने हृदयाचे ठोके बिघडतात, आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. त्या मानाने तो लपून बसतोय ही गोष्ट खूप लहान आहे.

पेटीत साधी वाळू किंवा भुसा वापरत असाल तर सध्यापुरतं तरी गोळे धरणारं लिटर आणा. आम्ही तेव्हापासून तेच वापरतोय. सकाळी खोऱ्याने गोळे काढताना समजतं किती वेळा गेलाय आणि किती झालीये, सुपारीएवढे बारीक बारीक गोळे येत होते ते हळूहळू मोठे व्हायला लागले तेव्हा आमच्या जिवात जीव आला. भाटीची पेटी वेगळी ठेवा नाहीतर कोणाचे गोळे कोणाचे काही कळणार नाही.

आता लपण्याचं. त्याच्या बाजूने बघा ना, पिंजऱ्यात ठेवला होता, शेजारी कुत्री भुंकतायत, अनोळखी हात येतायत आणि प्रत्येक हातानंतर काहीतरी टोचतंय. शिवाय नळी घालताना भूल द्यावी लागते, त्यासाठी आपल्याकडे बरेचदा केटामाइन वापरतात आणि ते मांजराच्या अंगातून मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणजे ज्याची किडनीच दमलेली आहे त्याला ते जरा जास्त वेळ राहतं. बुबुळं मोठी, चालताना झोक जाणं, एकटक भिंतीकडे बघत बसणं हे त्याचं. वेदनाशामकानेही बुबुळं मोठी दिसतात. मूत्रमार्ग सैल पडायला जी गोळी देतात तिने पण सुस्ती येते. त्यामुळे पहिल्या एक-दोन दिवसांत जो बोका दिसतो त्यावरून स्वभाव बदलला असं काही ठरवू नका.

काळू पुढचा उजवा पाय धरू द्यायचा नाही. नीट उजेडात बघितलं तेव्हा दिसलं की सलाईनसाठी भादरलेल्या चौकोनाच्या कडेला चिकटपट्टीचा डिंक राहिलेला, त्यात केस गुंतून खेचले जात होते आणि शीर जराशी टणक लागत होती. डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्याच्या फडक्याने डिंक हळूहळू सोडवला आणि शेकलं, मग पाय धरू द्यायला लागला. तुमचा उचलताना गुरगुरतो म्हणताय तर असंच कुठेतरी दुखत असणार. पोटाखाली हात घालून उचलणं सध्या बंदच करा, मूत्राशय अजून हुळहुळं आहे त्याचं.

आणि पलंगाखालून ओढून काढू नका, कितीही माया आली तरी. मी तर म्हणते त्याला लपायला अजून चांगली जागा करून द्या. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात २०१४ साली निवाऱ्यात नवीन आलेल्या मांजरांवर एक अभ्यास झाला, काहींना लपायला खोका दिला, काहींना नाही दिला, तर खोका मिळालेल्यांचा ताण लवकर उतरला. किराणा दुकानातून बिस्किटांचा रिकामा मोठा खोका आणा, आडवा ठेवा, आत घरातल्या माणसांच्या वासाची जुनी गोधडी किंवा सुती साडी घाला, धुतलेली नको, वापरलेली. पेटी, पाणी, खाणं त्याच खोलीत पण पेटीपासून खाणं लांब. तुम्ही तिथे जाऊन नुसतं बसा, फोन बघा, भाजी निवडा, त्याच्याकडे टक लावून बघू नका. नजरानजर झालीच तर डोळे हळू मिटून हळू उघडा, मांजरं ते समजतात.

हे सगळं लाड म्हणून सांगत नाहीये. बोक्यांच्या या दुखण्यात पुष्कळदा जंतू सापडत नाहीत, मोठा खडाही नसतो, मूत्राशयाला नुसती सूज असते आणि ती ताणाने भडकते. अमेरिकेत ओहायो स्टेटला टोनी बफिंग्टन म्हणून पशुवैद्य होते त्यांनी यावर बरंच काम केलंय, २००६ साली त्यांच्या टीमने अशा ४६ मांजरांच्या घरातल्या वातावरणात बदल केले, लपायच्या जागा, पेट्या, भांडणं कमी करणं असलं सगळं, आणि पुढच्या दहा महिन्यांत त्यांचा लघवीचा त्रास आणि घाबरणं दोन्ही कमी झालेलं दिसलं. म्हणजे त्याला शांत ठेवणं हा औषधाचाच भाग धरा. तुमच्या गल्लीत मंडळाची ढोल-ताशाची प्रॅक्टिस चालू असेल तर रस्त्याकडच्या खोलीत नका ठेवू त्याला, आणि बघायला येणाऱ्या पाहुण्यांना सरळ सांगा की नंतर या.

भाटीचं काय झालंय तर तिच्या दृष्टीने हा तिचा बोकाच नाहीये. मांजरं घरचं कोण परकं कोण हे मुख्यतः वासावरून धरतात, आणि तुमचा बोका येताना स्पिरिटचा, कुत्र्यांचा, भीतीचा असा सगळा वास घेऊन आलाय. आमच्या मनीने काळूचं नाक हुंगलं तोवर ठीक होतं, मग मागे गेली, नळी होती तिथे हुंगलं आणि शेपूट एकदम फुलवून अशी फिसकारली की तो बिचारा भिंतीला चिकटला. तिला रागवू नका, तिची काही चूक नाही. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, दार बंद. स्वच्छ फडकं घेऊन आधी भाटीच्या गालावरून फिरवा, वासाच्या ग्रंथी तिथे असतात, ते त्याच्या खोक्यात टाका, आणि त्याचं फडकं तिच्याकडे. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना खायला द्या. फिसकारणं थांबलं की दार फटीएवढं उघडा, मग थोडा वेळ एकत्र, आणि कुणी कान मागे पाडले की परत वेगळं. काही ठिकाणी एक-दोन दिवसांत जमतं, काही ठिकाणी आठवडे लागतात, घाई केली तर एकदाची मारामारी होते आणि मग ते मनात राहतं. दवाखान्याचा वास जावा म्हणून आंघोळ मात्र घालू नका हो, सुचवणारे खूप भेटतील, पण आजारातून उठलेल्या मांजराला त्याच्यासारखा ताण नाही.

खाण्याचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय की फारसं खात नाही, पण हे मला लपण्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, त्यातून अंगाने भरलेलं असलं, तर लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते आणि मग कावीळ, कानाच्या आतली कातडी आणि हिरड्या पिवळ्या. पूर्ण एक दिवस काहीच नाही खाल्लं तर डॉक्टरांना कळवा. पाऊचमधलं ओलं खाणं कोमट करा, वास सुटला की खातात. चिकन नुसतं पाण्यात उकळून, मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको कारण त्याने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि ते चिकनचं पाणी पण पाजा. जितकं पाणी पोटात जाईल तितकी लघवी पातळ. सुकट, बोंबील त्याला कितीही आवडत असले तरी बंद, खारट आणि कोरडं आहे ते. दुधाने पण बऱ्याच मोठ्या मांजरांना जुलाब होतात.

घरातली क्रोसिन वगैरे कुणी म्हातारी माणसं द्यायला निघाली तर हात धरा. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला पचवता येत नाही, एका गोळीने सुद्धा जीव जातो. फिनाईल आणि डेटॉलचं पण तसंच आहे, त्याची खोली साध्या पाण्याने पुसा. गळ्यातली ती प्लॅस्टिकची कॉलर दिलीये का? दिली असेल तर स्वतःच्या मनाने काढू नका, खाताना तुम्ही समोर बसून काढता येईल का ते विचारून घ्या.

किती दिवस चालेल विचारलंत. औषधाची गुंगी एक-दोन दिवसांत जाते, लपणं साधारण आठवड्याभरात कमी होतं, अंगावर येऊन बसायला त्याहून जास्त. पण सुधारत सुधारत जाऊन एकदम परत गप्प पडला, उलट्या केल्या, पोट धरू देईना, तर ते रुसणं समजू नका, उचला आणि न्या. परत परत तुंबायला लागलं आणि मोठ्या ठिकाणी दाखवावं वाटलं तर आपल्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, खंबाटकीचा बोगदा ओलांडला की पुढे हायवेवरच, जाण्याआधी फोन करून ओपीडीची वेळ विचारा. नेताना ज्या बास्केटमधून न्यायचंय ती आजपासूनच खोलीत उघडी ठेवा, आत खाऊ टाकत जा, म्हणजे ती दिसली की पळणार नाही.

आणि एक, फॉलोअपला जाल तेव्हा लघवीच्या तपासणीत क्रिस्टल, म्हणजे क्षारांचे बारीक कण, आले होते का आणि आले तर कुठले हे नक्की विचारा, कागदावर लिहून घ्या. स्ट्रुवाइट असतील तर ठराविक खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाहीत, त्यामुळे पुढे काय खायला घालायचं ते त्यावर ठरतं, दुकानदार देईल ते युरिनरीचं पाकीट आणून उपयोग नाही.